पोरीनं कोणता कोर्स घ्यावा

गुरुजी, माह्यासारख्या चौथीतल्या पोरीच्या हाती पहिलीची पोरं देऊन तुम्ही मागं भिंतीले टेकून बसत होते, ते काही बरं केलं नाही. एका मास्तरची शाळा, मान्य. पण महिनाभर घसा फोडून शिकवल्यावर साऱ्यांसमोर मले काय म्हटलं? "तू शिकवत नाहीस, वरडतेस. त्या कोपऱ्यातल्या पोरीनं तुले कवापासून काही विचारलं नाही, पाह्यलं का?" मले अजून राग आहे. दुसऱ्या दिवशी मी त्या पोरीजवळ जाऊन बसली, हेही खरं. पोळ्यापर्यंत ती वाचायले लागली. तुम्ही शाबासकी दिली नाही, आपल्या डब्यातली अर्धी भाकर दिली. मंग चौथी झाली अन् माही शाळा सरली, कारण पुढची शाळा दूर दारव्ह्याले.

आता माही पोरगी बी.ए. झाली. तिले व्हिएतनामले जाऊन इंग्रजी शिकवायचं आहे. त्याच्यासाठी सर्टिफिकेट लागते, म्हणून दोन कोर्स काढून बसली. एक घरी, मोबाइलवर: पाठ पाहा, प्रश्न सोडवा, झालं. दुसरा पुण्याले, महिनाभर. तिथं खऱ्या माणसांचा वर्ग घ्यायचा, अन् मागं एक जण वही घेऊन बसणार, तास झाला की चुका सांगणार. "माय, कोणता घेऊ?" "घरचा घे. कागद तर दोन्हीकडून कागदच भेटते." "तिकडच्या चांगल्या शाळा विचारतात, खरा वर्ग घेतला का म्हणून." "मंग इथं गल्लीतले पोट्टे जमव अन् घे." "अन् माह्या चुका कोण काढीन? तू? तुले त्यातलं काय समजते?"

समजते, गुरुजी. तेच तर दुखणं आहे. मागं तुम्ही नसते तर ती कोपऱ्यातली पोरगी मले दिसली नसती. मी घरचा म्हटलं, कारण तो चार महिने चालते, अन् तेवढे दिवस पोरगी माह्या डोळ्यासमोर राह्यते. तिले मात्र सांगून बसली, पुण्याचं पाणी तुले मानवत नाही. ती पुण्याले कधी गेलीच नाही.

तुम्ही जाऊन वर्षं झाली, हा कागद पोष्टात टाकून काही उपयोग नाही, ते मले कळते. तरी लिहून राह्यली. पोरगी शुक्रवारी फॉर्म भरते. गुरुवारच्या दिवाबत्तीपर्यंत मले उत्तर पाह्यजे. नाही आलं, तर तिले पुण्याचं सांगीन, अन् घर रिकामं झालं की दोष तुमच्यावर टाकीन.