डावीकडून तिसरा

४ जानेवारी, रविवार. सकाळी साडेसहा.
नवीन वर्ष, नवी वही. संकल्प तीन. एक: मार्चच्या वार्षिक सभेत इतिहास मंडळाचा अध्यक्ष होणे. दोन: कोणावरही न चिडणे. तीन: रोज लिहिणे.
अठरा वर्षं कार्यवाह म्हणून राबलो. अध्यक्ष डॉक्टरसाहेब आता पंचाऐंशीचे, सभेत बसल्या बसल्या झोपतात. पुढची खुर्ची कोणाची, हे शेंबडं पोरही सांगेल. मागायची गरजच नाही. मागणारही नाही.

११ जानेवारी, रविवार.
मासिक सभा. माझं व्याख्यान: 'गावाचा पाणीपुरवठा, भाग सात'. उपस्थिती चौदा. त्यात वॉचमन, आणि शिवणवर्ग समजून आलेल्या दोन बायका. भाग सहाला बाराच होते, म्हणजे आलेख चढता आहे. मी व्हॉल्व्हवर आलो तेव्हा सभागृह एकदम शांत. डॉक्टरसाहेबांचं घोरणं सोडून.
नंतर ग्रंथपालबाई म्हणाल्या, पुढच्या महिन्यात व्याख्यान नको, पडद्यावर जुने फोटो दाखवू, लोकांनी चेहरे ओळखायचे आणि आठवणी सांगायच्या. मी हसलो. इतिहास म्हणजे काय लग्नाचा अल्बम आहे? तेवढ्यात डॉक्टरसाहेब जागे झाले आणि 'छान' म्हणाले. ते कशालाही छान म्हणतात. मी चिडलो नाही. घरी येऊन हिच्यावर चिडलो, तो वेगळा विषय.

१९ जानेवारी, सोमवार.
आठ दिवस लिहिलं नाही. कामं.
बाईंना कपाटातले फोटो दिले. दोनशे बारा. प्रत्येकावर नावं, माझ्या हातची. त्या वेळच्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन, एकेक विचारून लिहिलेली. माझी स्वतःची पद्धत होती: फोटो उलटा करून खिडकीच्या काचेला लावायचा, उजेडात मागून चेहरे दिसतात, मग ज्याच्या त्याच्या पाठीवर पेन्सिलीने नाव लिहायचं. सहा वर्षांपूर्वी स्मरणिका काढली तेव्हा फोटोंखालच्या ओळी त्यावरूनच उतरवल्या. 'डावीकडून अमुक, तमुक.' फोटो सुलटा करून बघायचीही गरज पडली नाही, इतकं काम पद्धतशीर.
आता लोकांनी ओळखायचं उरलंय काय? येतील, चहा पितील, माझी स्मरणिका चाळून जातील.

८ फेब्रुवारी, रविवार. रात्री आठ.
उपस्थिती शहाऐंशी. खुर्च्या कमी पडल्या. बिस्किटं होती म्हणून.
दुसराच फोटो छापखान्याच्या कामगारांचा. खाली माझी ओळ. छापखान्यातले जुने कंपोझिटर, वय एक्याण्णव, काठी टेकत उभे राहिले आणि म्हणाले, सगळी नावं चुकीची आहेत. मी म्हणालो, वयोमानाने असं होतं. ते म्हणाले, बाकीचं विसरलो असेन, पण स्वतःला तरी ओळखतो. तुम्ही मला डाव्या टोकाला लिहिलंय, मी उभा आहे उजव्या टोकाला.
मग शाळेचा फोटो आला. त्यात शिपाई हेडमास्तर झालेला आणि हेडमास्तर शिपाई. हशा. मग नाटक मंडळींचा. तिथे नायिकेला मिशा. आणखी हशा. ग्रंथपालबाईंनी मूळ फोटो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, नावं अगदी बरोबर आहेत, तुम्ही फक्त मागच्या बाजूने वाचलीत. हळूच म्हणाल्या. पण माइक चालू होता.
तत्त्वतः माझंच बरोबर आहे. फोटो मागून पाहिला तर एकही चूक नाही. शिवाय रांगेतला मधला माणूस प्रत्येक फोटोत बिनचूक आहे. हे कोणी लक्षात घेत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार. पहाटे पाच.
काल एक गोष्ट लिहायची राहिली. विसरलो नव्हतो.
आपला प्लंबर आला होता. तो जन्मायच्या दोन महिने आधी त्याचे वडील गेले. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. छापखान्याच्या फोटोत ते डावीकडून तिसरे आहेत, हे त्याने माझ्या स्मरणिकेत वाचलं, तेवढा चेहरा मोठा करून घेतला आणि फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावला. सहा वर्षं झाली. काल त्याने उठून कंपोझिटरना विचारलं, मग डावीकडून तिसरा कोण? ते म्हणाले, तो शाई चोरायचा, मालकाने हाकलला त्याला. तुझ्या वडिलांनीच तर पकडून दिला होता.
प्लंबर लोकांचे चहाचे कप गोळा करायला लागला. ते काम त्याचं नव्हतं.
मला झोप लागली नाही. सभेतला चहा फार कडक होता.

१० फेब्रुवारी, मंगळवार.
शुद्धिपत्रक तयार. एकच ओळ: 'स्मरणिकेतील सर्व छायाचित्रे उजवीकडून वाचावीत.' थोडक्यात आणि भारदस्त. हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आधी त्या प्लंबरकडे जाऊन या. बायकांना संस्थेचे प्रश्न कळत नाहीत.

२२ फेब्रुवारी, रविवार.
प्लंबरकडे गेलो. उजवीकडून तिसरा चेहरा मोठा करून, चांगल्या फ्रेममध्ये घालून नेला. त्याला भरून येईल अशी अपेक्षा होती. त्या वेळी काय बोलायचं तेही वाटेत ठरवलं होतं.
समोरच भिंतीवर तो शाईचोर. प्लंबरने नवा फोटो हातात घेतला आणि बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, ओळखीचे वाटत नाहीत हो. कामावर जाताना रोज ह्यांना सांगून निघतो मी. मुलीचं लग्न ठरलं तेही पहिलं ह्यांनाच सांगितलं. आता एकदम कसं उतरवू? मी म्हणालो, इतिहासाच्या दृष्टीने पाहिलं तर...
त्याने वडिलांचा फोटो कपाटात ठेवला. दारापर्यंत पोचवायला आला आणि म्हणाला, काका, तुम्ही काय मुद्दाम केलं नाहीत. हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. फार वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही.

८ मार्च, रविवार.
फोटोंचा दुसरा कार्यक्रम. गेलो नाही, तब्येत बरी नव्हती. सभागृहासमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात उभं राहून मोजलं. एकशे एकोणीस. दुकानदाराने तीनदा विचारलं काय हवंय, म्हणून एक खोडरबर घेतलं.

२८ मार्च, शनिवार.
उद्या वार्षिक सभा. योजना पक्की. सुरुवातीलाच राजीनामा द्यायचा. सगळे हादरतील. अठरा वर्षांचा हिशोब कोणाला माहीत आहे, कपाटं कोणाला माहीत आहेत? आग्रह होईल. दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा मान खाली घालायची. तिथून अध्यक्षपद एका पावलावर. आरशासमोर तालीम केली. तिसरी वेळ उत्तम जमते.
ही म्हणाली, आणि नाहीच केला आग्रह तर? नाट लावायची सवयच आहे तिला.

२९ मार्च, रविवार.
विषय क्रमांक तीन: कार्यवाहांचा राजीनामा. डॉक्टरसाहेब नेमके आज जागे. छान म्हणाले. सूचक, अनुमोदक, एकमताने मंजूर. दीड मिनिट. इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडेच असल्यामुळे हे सगळं मीच लिहून घेतलं. सुवाच्य.
विषय क्रमांक चार: नवे अध्यक्ष. ग्रंथपालबाई. टाळ्या. त्याही इतिवृत्तात लिहिल्या.
नाही म्हणायची वेळ एकदाही आली नाही.

३० मार्च, सोमवार.
बरं झालं. सुटलो. संकल्प: आता फक्त संशोधन. भाग आठ.

५ एप्रिल, रविवार.
भाग आठ सुरू केला नाही. फोन येईल म्हणून घरी थांबलो. आला एकच, हिच्या बहिणीचा.

१२ एप्रिल, रविवार.
फोटोंच्या कार्यक्रमाला जाणार नव्हतो. ही म्हणाली, मी चाललेय, यायचं तर या. अठरा वर्षांत माझ्या एकाही व्याख्यानाला आली नाही. म्हटलं, तू हो पुढे. पंधरा मिनिटांनी निघालो.
दाराशी टेबल टाकलेलं. तिथे एक बाई बसलेल्या, नव्या सभासद असाव्यात. हसून माझं नाव विचारलं, वहीत लिहिलं. मग म्हणाल्या, पहिल्यांदाच आलात का?
मी हो म्हणालो.
त्यांनी मागच्या रांगेतली रिकामी खुर्ची दाखवली. म्हणाल्या, संकोच करू नका, एखादा चेहरा ओळखीचा वाटला तर हात वर करा.
दोन तास बसलो. पडद्यावरचे सगळे चेहरे ओळखले, नावानिशी. लोक अडत होते, चुकत होते. हात वर केला नाही.