काकूंच्या नावाचा सॅलॅमँडर

तीर्थस्वरूप काकूंना शिरसाष्टांग नमस्कार (कागदावरच, प्रत्यक्ष घातला तर कंबर उठू देणार नाही). तुमचे गुडघे काय म्हणतात? अजून गच्चीत चढउतार चालू असेल तर आजपासून बंद करा.

बातमी चांगली आहे, तरी आधी बसून घ्या. काकांनी डोंगरमाथ्यावर झऱ्याकाठच्या दगडाखाली नवा सॅलॅमँडर शोधला आणि तुमच्या नावाला लॅटिन शेपूट जोडून ते त्याला दिलं, तो दिवस आठवतो ना? नवरा इतक्या दिवसांनी येतोय, काहीतरी अंगावर घालण्याजोगं आणेल, असं तुम्हाला वाटलेलं. त्यांनी आणला पालीसारखा दिसणारा, बेडकाच्या गोतातला, ओलागच्च पिवळ्या ठिपक्यांचा जीव! "अख्ख्या जगात माझ्यासारखं तुम्हाला हेच दिसलं?" असं म्हणून तुम्ही जो अबोला धरलात, तो इतका लांबला की काका जेवताना मीठसुद्धा माझ्यामार्फत मागत.

पुढे कुणा विद्वानाने दाखवून दिलं की पलीकडच्या उतारावर याच प्राण्याला एका सेनापतीचं नाव आधीच दिलेलं आहे. आमच्या धंद्यात जे नाव आधी छापलं तेच खरं; तुमचं बाद झालं. काका हिरमुसले, पण खवळलात तुम्ही. "जनावर मेलं कसंही असो, माझं नाव पुसणारा हा कोण टिकोजीराव?" त्या संध्याकाळी काका घरभर शीळ घालत फिरले. मला ती अजून ऐकू येते.

आता आमच्या संग्रहालयातली नवी संशोधक (आम्ही तिला भिंगवाली म्हणतो) म्हणते, दोन उतारांवरचे प्राणी मुळात वेगळेच! दात वेगळे, शेपूट वेगळी. म्हणजे सेनापती तिकडे, तुम्ही इकडे. फक्त काकांनी आणलेला मूळ नमुना ताडून पाहायला हवा, नाहीतर तुमचं नाव परत येणं कठीण. तो शोधायला आमचे साहेब स्वतः संग्रहालयाच्या तळघरात शिडीवर चढले, फळीसकट खाली आले, आणि बरण्यांतलं स्पिरिट त्यांच्या अंगावर सांडलं. दारावरच्या रखवालदाराने वास घेऊन "साहेब, घरी जाऊन पडा" असा सल्ला दिला. घरी बाईसाहेबांनी दार उघडलं नाही. नमुना काही सापडला नाही.

बाकी इकडे सगळे खुशाल. तब्येतीला जपा.

तुमचा पुतण्या

ता. क. ताई परवा फोनवर सहज बोलून गेली की काकांच्या फोटोशेजारी एक बरणी असते आणि सकाळचा चहा घेताना तुम्ही तिच्याशी बोलता, असं तिने स्वतः पाहिलंय. (निवृत्तीच्या दिवशी काका पिशवी एवढी जपून का नेत होते, ते आत्ता कळलं.) काकू, ती बरणी पाठवाल का?

आणखी एक ता. क. नको, पाठवू नका. भिंगवालीने वरची ओळ वाचली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. पट्टी-भिंग घेऊन आम्हीच येतो, तुमच्या टेबलावरच मोजतो. आम्ही मोजत असताना तुमचं बोलणं चालू राहिलं, तरी आमची काही हरकत नाही.