येणाऱ्याची चकती

अंधेरी,
१२ एप्रिल २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही माझं बोलणं ऐकत नाही, आवाज ऐकता. म्हणून हे पत्र. गेल्या खेपेला मी बरी आहे म्हटलं, तर तुम्ही म्हणालात की सर्दी झालीय, पंख्याखाली झोपतेस आणि आत्ताच रडून उठलीयस. तिन्ही खरं होतं. तेव्हा कागदच बरा.

आमच्या हॉटेलात उन्हाळ्यासाठी नवीन गोड पदार्थ हवाय. शेफनी प्रत्येकाला एकेक करून दाखवायला सांगितलंय. मी फुशारकीने आईच्या भाजक्या अननसाचं नाव सांगून बसले. मग लक्षात आलं, मला तो फक्त खाता येतो. मागच्या पडवीत आई करवंट्या पेटवायची, फुंकणीचा आवाज यायचा, आणि हाक आली की मी वाटी घेऊन हजर. मधलं काहीच मी पाहिलेलं नाही.

कृती लिहून पाठवा. गेल्या मे महिन्यात येते येते म्हणत मी आले नाही आणि श्रावणात आई गेली, हे मी विसरलेली नाही. त्यावर आत्ता काही लिहू नका.

दुपारची खानावळ निलेशदादावर सोडून जरा पडत जा. माया आहे तेवढी असू दे, रागवायचं असेल तर उलट टपाली.

तुमची,
शमिका


पाली,
१९ एप्रिल २०२४

चि. शमिका हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र काल मिळालं. पोस्टमनच्या चपलेचा अंगठा तुटलाय, त्यामुळे तो वळणावर असतानाच मला कळलं.

मुंबईचे लोक आता पैसे मोजून धूर खाणार म्हणजे गंमतच आहे. आमच्याकडे गिऱ्हाईक धूर लागला म्हणून आमटी परत करतं. असो. लिहून घे.

अननस पिवळा पडू लागलेला घ्यावा. पूर्ण पिकलेला जाळीवर रडतो. दोन बोटं जाड चकत्या कापून मधला दांडा काढावा, मीठ चोळून घटकाभर ठेवावं. करवंट्यांच्या निखाऱ्यांवर पांढरी राख धरली की जाळी ठेवावी. गूळ तुपात विरघळवून तो सोडणाच्या कुंच्याने लावावा. नारळाच्या सालीचा तुकडा एका टोकाला ठेचला की झाला कुंचा. वाढताना वेलची घातलेला गार नारळाचा रस.

आणि एक चकती जास्त भाजायची. ती येणाऱ्याची. घरचं जे माणूस वाटेवर असेल त्याच्या नावाने केळीच्या पानावर, चुलीच्या उजव्या अंगाला. ते माणूस आलं की त्यानेच खायची. गेल्या वर्षी तुझी चकती आईने अकरा दिवस ठेवली होती. टोचायला लिहीत नाही. कृतीत येतं म्हणून लिहिलं.

मीही हल्ली दुपारी भाजतो. माझी काळजी नको. लोभ निखाऱ्यासारखा राखेखाली आहे, फुंकर मारलीस की दिसेल.

तुझा,
बाबा


अंधेरी,
२८ एप्रिल २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

दोनदा केला, दोनदा फसला. बाहेरून कोळसा, आतून कच्चा. शेफनी एक तुकडा चघळला आणि म्हणाले की ताप आलेल्या माणसासारखा लागतो, अंग गरम आणि चव नाही. आणखी एकच संधी आहे. तुम्ही काहीतरी लिहायचं विसरलाय.

आणि दुसरंही काहीतरी लिहिलेलं नाही. निलेशदादाचा फोन आला होता. पाडव्यापासून बारा ते तीन तुम्ही गल्ल्यावर नसता म्हणे. कोल्हापूरहून येणारी नेहमीची माणसं शेठ कुठे म्हणून विचारतात आणि दुसरीकडे जेवायला जातात. तुम्ही पडवीचं दार लावून बसता. तो बोलवायला आला, तर आत तुम्ही कुणाला तरी, पुरे झालं, आता बस जरा, असं म्हणत होता. दार उघडलं तेव्हा तुम्ही एकटेच होता आणि चुलीपाशी पानावर एक चकती होती.

बाबा, मी तर वाटेवर नव्हते. मग ती कुणाची? खरं लिहा.

तुमची,
शमिका


पाली,
५ मे २०२४

चि. शमिका हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

निलेश पाय घासत चालतो. दाराशी येऊन तो किती वेळ उभा होता तेही मला ठाऊक आहे. गल्ला सांभाळायला ठेवलाय तर बातम्या सांभाळतो.

आधी तुझ्या कामाचं. विसरलो ते हे, की अननस डोळ्यांनी भाजत नाहीत, कानांनी भाजतात. जाळीवर ठेवला की चरचरतो, ते पाणी. मग बारीक कुजबुजल्यासारखा होतो, तो गूळ. मग एकदम गप्प होतो. त्या गप्प होण्याला उलटायचा. आधी उलटलास तर कच्चा, नंतर उलटलास तर कोळसा. तुमच्या भटारखान्यात धूर ओढायचं ते यंत्र चालू असणार. ते बंद कर, म्हणजे ऐकू येईल. हे तुझ्या आईने मला शिकवलं. माझे कान तिखट, पण वापरायचे कशावर हे तिला कळायचं.

आता दुसरं. पाडव्याला हंगामाचा पहिला अननस आला. एक चकती मी माझ्यासाठी भाजली, आणि दुसरी तुझ्या आईच्या नावाने चुलीच्या उजव्या अंगाला ठेवली. पाणी आणायला उठलो आणि पाठीमागे फुंकणी वाजली. तीन तोकड्या फुंकरा, एक लांब. पेटवायची ही पद्धत साऱ्या पालीत एकाच बाईची होती. वळलो तर पडवीत कुणी नाही. निखारे लालबुंद. फुंकणी खुंटीला होती तिथेच, पण तिचं तोंड ओलं होतं.

तेव्हापासून रोज ठेवतो, रोज वाजते. भिऊ नको, मी भ्यालो नाही. आठ महिन्यांनी घरात माणूस असल्यासारखं वाटतंय. चार गाड्या दुसरीकडे जेवल्या तर जेवू देत.

लोभ करतेसच, त्यात थोडी गय मिसळ.

तुझा,
बाबा


अंधेरी,
१४ मे २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

यंत्र बंद केलं. सगळे घामाने निथळत माझ्या नावाने बोटं मोडत होते. मी डोळे मिटून उभी राहिले. चरचर, मग कुजबुज, मग ते गप्प होणं. बाबा, ते ऐकलं आणि माझ्या हाताने चकती आपोआप उलटली. शेफनी ताटली पुसून खाल्ली. परवापासून पदार्थ सुरू.

पण मला धड आनंद झाला नाही. तुमचं पत्र वाचून मी राजापूरला सावित्रीआत्याला फोन केला. ती अशी तापली की विचारू नका. म्हणाली, येणाऱ्याची चकती जित्या माणसाची. गेलेल्याचं पान आवाराच्या गडग्यापलीकडे ठेवायचं आणि मागे न बघता घरात यायचं. गेलेल्या माणसाचा वाटा चुलीजवळ ठेवला तर ते वाटेवरच राहतं, इथलं नाही आणि तिथलंही नाही. बाबांना माहीत नसेल, असं मी म्हटलं, तर म्हणाली, भागोजीला? आमच्या आईबापाची पानं त्यानेच ठेवलीत, त्याला विचार.

म्हणून विचारते. आणि आणखी एक. शेवटच्या वर्षी आईला पडवीच्या दोन पायऱ्या चढतानाही दम लागायचा. छातीतून शिट्टी वाजायची, ती मला फोनवरसुद्धा ऐकू यायची, मग तुमच्या कानांचं काय सांगावं. आता फुंकणीतून जो श्वास येतो, तो कसा आहे? नीट ऐका आणि मगच लिहा.

तुमची,
शमिका


पाली,
२० मे २०२४

चि. शमिका हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सावित्री खोटं बोलत नाही. मला माहीत होतं. पान कुठे ठेवायचं, मागे का बघायचं नाही, सगळं माहीत होतं. चुकून ठेवलं नाही, जाणून ठेवलं. आयुष्यभर गिऱ्हाइकाशी व्यवहार सरळ ठेवला आणि बायकोशी लबाडी केली.

शिट्टी आहे. पहिल्या दिवसापासून आहे. लांब फुंकरेच्या शेवटी येते, ती पायरीवर बसली की यायची तशीच. बाकी सगळं ऐकायचं आणि तेवढं ऐकायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

तुला ठाऊक नाही ते सांगतो. मी पालीच्या नाक्यावर किटली घेऊन फिरलो, शून्यातून खानावळ उभी केली, असं लोक कौतुकाने सांगतात आणि मीही मान डोलावतो. किटलीखालचा जाळ कुणी फुंकला हे कुणी सांगत नाही. तीस वर्षं ती फुंकत होती. गॅस घेऊया, असं तिने तीनदा म्हटलं. मी म्हणालो, लाकडावरच्या चवीसाठी माणसं थांबतात. डॉक्टरने धूर बंद करायला सांगितला तेव्हा गॅस आला. तोवर फार उशीर झाला होता.

आणि ती मेल्यावरही मी तिला फुंकायलाच बसवलं.

गेले चार दिवस तीनऐवजी दोनच तोकड्या फुंकरा येतात. काल एक. ती दमलीय. मी रोज ठरवतो की आज चकती चुलीजवळ ठेवायची नाही, आणि दुपार झाली की हात पुढे जातो. माझ्या एकट्याने हे होणार नाही. तू ये. गेल्या वर्षीची रजा या वर्षी घे.

एवढा लोभ कर.

तुझा,
बाबा


पाली,
३ जून २०२४

चि. शमिका हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल तुझी गाडी घाट चढेपर्यंत मी नाक्यावर उभा होतो. ड्रायव्हरने दुसरा गियर उशिरा टाकला. त्याला सांगायला हवं.

तू पुसलेली जाळी अजून चमकतेय. निखाऱ्यांना टेबलफॅन लावायची तुझी युक्ती आईला आवडली असती, पण वीजबिलावरून मला ऐकवलं असतं. तू तीन चकत्या भाजल्यास. माझी मी खाल्ली. येणाऱ्याची तू खाल्लीस, गेल्या मेपासून तुझीच होती ती. खाताना तू बराच वेळ माझ्याकडे बघितलं नाहीस, तेव्हा मीही निखाऱ्यांकडे बघत बसलो. तिसरी पानावर घेऊन आपण गडग्यापाशी गेलो. मी मागे वळेन म्हणून परतताना तू माझं मनगट धरलंस. बरं केलंस, मी वळणारच होतो.

अंगणात तू विचारलंस, बाबा, काही ऐकू आलं का? मी नाही म्हणालो. तोंडावर मला खोटं बोलता येतं, कागदावर येत नाही. ऐकू आलं. गडग्यापलीकडून, एकदाच. पण ती फुंकर नव्हती. शेवटचं गिऱ्हाईक जेवून गेलं की तुझी आई पायरीवर टेकायची आणि पदराने मान पुसत श्वास सोडायची, तो होता. लांब. शिट्टी नव्हती त्यात. मुळीच नव्हती.

आज बारा वाजता गल्ल्यावर बसलो. निलेश असा बघत होता जसा मीच भूत आहे. कोल्हापूरची माणसं आली, जेवली, आमटी कमी तिखट आहे म्हणाली. तीननंतर पडवीत गेलो आणि कान देऊन बसलो. काही नाही. खुंटीवरची फुंकणी काढून तोंडापाशी बोट फिरवलं. कोरडी होती.

मग एक चकती भाजली आणि चुलीच्या उजव्या अंगाला ठेवली. घाबरू नको, तुझ्या नावाची आहे. तू जिती आहेस, वाटेवर आहेस. तुझी ठेवायला हरकत नाही.

तुझा,
बाबा