बिनकडीचं अंगण

आबा, आज अंगण उघडलं. राज्याच्या स्मृतिभ्रंश धोरणात आपल्या जिल्ह्याला विसरभोळ्या म्हाताऱ्यांसाठी दिवसभराचं केंद्र मिळालं हे तर झालंच. पण खोल्यांना बाहेरून कड्या नकोत, मधे कडुलिंबाचं मोकळं अंगण हवं, हा माझा हट्टही तडीस गेला.

दुष्काळानं चारा संपवला, मेंढरं विकली आणि खुलताबादच्या माळावरून मी तुम्हाला माझ्या फ्लॅटात आणलं. शहर बिडकीनच्या अंगानं वाढत होतं, माझी बांधकामं जोरात होती, आणि तुमची आठवण विरत चालली होती. शहागंजातला डॉक्टर म्हणाला, वय झालं. शेजारी म्हणाले, कुलूप लावा. आईनं ऐकलं नाही. दिवस कलला की ती तुम्हाला दारात बसवते. येणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर तुम्ही हात ठेवता, मेंढवाड्यात शिरणाऱ्या मेंढराच्या ठेवायचात तसाच. माझं नाव तुम्हाला आठवत नाही, पण हात पडतो. "आलं व्हय रं? जा आत." सगळी आत आली की तुम्ही निवांत झोपता.

केंद्राच्या आराखड्याच्या बैठकीत मला बांधकामवाला म्हणून बोलावलं होतं. नकाशात नुसत्या बंद खोल्या. मोठे साहेब म्हणाले, मोकळं सोडलं तर पळून जातील. मी म्हणालो, "साहेब, चुकलेलं मेंढरू पळत नसतं. ते कळप हुडकत असतं." सगळे हसले, मीही हसलो. पण कान माझे तुमच्याकडून आलेले, डोंगरापलीकडची घंटा ओळखणारे. हशा चालू असताना साहेब शेजारच्या बाईंपाशी पुटपुटले, की त्यांची आई घरात बसूनच दार ठोठावते, घरी सोडा म्हणते. मी ते ऐकलं आणि गिळलं; कुणाचं घर चारचौघांत उघडं करू नये. फक्त विचारलं, "आपलं माणूस ठेवायचं म्हटलं, तर यातली कोणती खोली द्याल?" साहेबांनी नकाशा जवळ ओढला. मग त्यांनीच पेन काढून मधल्या भिंती खोडल्या.

आज त्यांची आई लिंबाखाली फेऱ्या मारत होती. कुठलंच दार ठोठावत नव्हती. भाषणात मी म्हणालो, हे जिल्ह्यातल्या सगळ्या म्हाताऱ्यांसाठी. टाळ्या पडल्या.

हे पत्र वाचून दाखवलं तरी तुमच्या ध्यानात राहायचं नाही, ते माझ्या खिशातच राहील. म्हणून तुम्हाला सांगतो: लोक पांगल्यावर मी फाटकातून आत शिरलो आणि मेंढरागत पाठ जरा वाकवून घटकाभर उभा राहिलो.