श्रेयसचा तिसरा मजला

आप्पा, जय जिनेंद्र.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

श्रेयसनं इथं दोन मजल्यांची परवानगी घेऊन तिसरा चढवला. खालच्या खांबांना तो पेलणारा नव्हता. नगरपालिकेची इंजिनिअर म्हणून असली बांधकामं पाडायचे अधिकार मुख्याधिकाऱ्यांनी मलाच दिलेत. तुम्ही फोनवर म्हणालात, "तुझाच भाऊ हाय, डोळेझाक कर की." मी नोटीस दिली, तर त्यानं स्लॅब ओतला.

काल मी समोर उभं राहून तो मजला पाडायला लावला. चारचौघांत तो ओरडला, "तू माझी बहीण न्हाईस!"

तुम्हीही रागावला असाल. खुशाल रागवा, पण माफी मागायला मला सांगू नका.

भाऊबीजेला मी घरी येऊन पाट मांडणार. बसायचं की नाही, हे त्यानं तुमच्यासमोर ठरवावं.

तुमची,
प्रीती