मागून हाक

चि. कुमुद,

तुला आणि मुलांना आशीर्वाद. हे शेजारी बसून सगळं ऐकतात, म्हणून फोनऐवजी पत्र लिहिते आहे. आम्ही बरे आहोत. यांचं विसरणं वाढलं आहे, पण अनुप आणि सूनबाई गोळ्या वेळेवर देतात.

परवा डॉक्टरकडे जायला जमिनीखालच्या मेट्रो स्टेशनात उतरलो. तीन सरकते जिने खाली गेलो, तर म्हाताऱ्या माणसांना टेकायला बाक नाही. मी गार्डला ते सुनावत होते, तेवढ्यात हे उलट्या दिशेच्या गाडीकडे चालू लागले. हाक ओठांवर आली होती. पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, ही आईची शिकवण. नन्सच्या शाळेत दहा वर्षं शिकूनही माझं तोंड मिटलेलंच राहिलं. हे गाडीत चढले आणि दारं लागली.

गार्ड म्हणाला, "आजी, धरून ठेवायचं ना त्यांना."

"तुम्ही वॉकीटॉकी धरून उभे आहात, ती वापरा आधी," मी म्हटलं.

पुढच्या स्टेशनवर त्यांना उतरवून खुर्चीवर बसवलं होतं. मला पाहून म्हणाले, "काहून वं, इतका उशीर? मी केव्हाचा वाट पाहून राहिलो."

तुझा गुडघा कसा आहे? कारध्याच्या पुलावर एकटी फिरायला जाऊ नकोस.

आता हे पाणी प्यायला उठले तरी मी मागून हाक मारते. आईला आवडलं नसतं. अजून तरी दरवेळी वळून बघतात.

तुझीच,
शैलाताई