गिल्दार्दोचे गुरुवार

४ फेब्रुवारी, मंगळवार

गिल्दार्दोनं आज भांडी घासली! लग्नाला बावीस वर्षं झाली, स्वतःचा कपसुद्धा कधी उचलला नाही या माणसानं. पहाटे दुधाची गाडी घेऊन डोंगरात जायचं, दुपारी येऊन जेवायचं, बीन्समध्ये मीठ कमी म्हणून कुरकुरायचं आणि घुम्यासारखं बसायचं— एवढाच त्याचा संसार. आणि आज बाह्या दुमडून मोरीपाशी उभा! मी शिलाई मशीन सोडून बघायला गेले. निम्मा साबण संपवला होता.

"बरं नाही का तुला?" म्हटलं.

"तू बस. दमली असशील."

दमली असशील! हे दोन शब्द ऐकायला बावीस वर्षं थांबले होते. देवा, तुझे उपकार.

९ फेब्रुवारी, रविवार

चर्चमध्ये गायला गेले नाही. कंटाळा आला. अठरा वर्षं गातेय, एक रविवार नाही गायलं तर माता मेरी रागावणार नाही. (हा तिसरा रविवार. असू दे.) गिल्दार्दो एका शब्दानं बोलला नाही. मक्याच्या आरेपा त्यानंच भाजल्या. एका बाजूनं कोळसा! तरी गोड लागल्या.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

शेजारची आंपारो मुलाचा गणवेश न्यायला आली. म्हणे, "बाही जरा लांब झाली का गं?" मी शर्ट तिच्या अंगावर भिरकावला. मान मोडून शिवायचं आणि वर ही बोलणी! ती दारातच थिजली. "एदिल्मा, तू अशी नव्हतीस गं." अशी म्हणजे कशी? गरीब गाय? आता नाही ऐकून घेत मी, बस.

संध्याकाळी गिल्दार्दो ताजं चीज घेऊन तिच्याकडे समजूत घालायला गेला. पूर्वीचा असता तर म्हणाला असता, "तुमच्या बायकांच्या भानगडी तुम्ही बघा." खरंच बदललाय. रोज आभार मानते मी.

१६ मार्च, रविवार

दिओसेलिना मावशी आली होती. आईच्या आठवणी काढत बसली. आमच्या घरात 'बोबेरा' आहे, अख्ख्या यारुमाल गावाला ठाऊक आहे. शहरातले डॉक्टर अल्झायमर म्हणतात. आईला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी झाला, दोन मामांनाही त्याच सुमारास. मी सेहेचाळीस. म्हणून लोक माझ्याकडे तिरप्या नजरेनं बघतात, मला कळतं.

पण माझी स्मरणशक्ती! रोज सकाळी स्वतःची परीक्षा घेते. नऊ भावंडांचे वाढदिवस, गावातल्या निम्म्या पोरांच्या कमरेची मापं— सगळं पाठ! मावशीला म्हणूनही दाखवलं. ती हसली नाही. म्हणाली, "तुझी आई विसरायला लागली ते फार नंतर. त्याआधी दोन वर्षं ती नुसती चिडत होती. पातेली फेकायची, आठवतंय?"

"बाबा दारू पिऊन यायचे म्हणून फेकायची."

मावशीनं गिल्दार्दोकडे पाहिलं. त्यानं तिचा कप भरला.

३ एप्रिल, गुरुवार

एक गोष्ट खटकतेय. गिल्दार्दो दर गुरुवारी मेदेयीन शहरात जातो. डिसेंबरपासून. म्हणे गाडीचे पार्ट. त्या दिवशीची दुधाची फेरी भावावर सोपवतो. इतके पार्ट बदलले तर एव्हाना गाडी नवी व्हायला हवी होती! दाढी करतो. इस्त्रीचा शर्ट घालतो. तीन तास जाताना, तीन तास येताना, आणि येतो तो चेहऱ्यानं शांत, हातात माझ्यासाठी पेरूची वडी.

४ एप्रिल, शुक्रवार

बाई आहे. नक्की. भांडी, आरेपा, 'दमली असशील'— सगळं तिनं शिकवलेलं. आणि मी वेडी आभार मानत बसले!

२४ एप्रिल, गुरुवार

तो आला तशी विचारलं, "नाव काय तिचं?" तो म्हणाला, "कुणाचं?" मी बीन्सचं पातेलं भिंतीवर मारलं. भरलेलं.

तो ओरडला नाही. मला वाटलं, आता तरी जुना गिल्दार्दो बाहेर येईल, दार आपटेल. तर हा भिंतीपाशी उकिडवा बसला आणि एकेक दाणा वेचायला लागला. म्हणाला, "तुला राग आलाय. येणारच. मी इथंच आहे." पाठ करून आल्यासारखं! ही भाषा त्याची नव्हे. जो माणूस इतका गोड वागतो त्याच्या मनात काहीतरी खुटखुटत असतं.

नंतर खूप रडले. कशासाठी ते कळेना. तो पाठीवरून हात फिरवत राहिला. तेवढं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

८ मे, गुरुवार

आज त्याच्या मागोमाग गेले.

डोक्याला रुमाल, आंपारोचा काळा चष्मा. (दिला तिनं. शर्टाचं काही काढलं नाही. भली बाई.) तो बसमध्ये पुढे, मी सगळ्यात मागे. मेदेयीनला उतरला, मेट्रोत बसला, मीही. पुढे एक चढ चालून जुन्या इमारतीत शिरला. दुसरा मजला. जिना चढले मी! काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं.

दार लोटलेलं होतं. आतून त्याचा आवाज आला— "माझी बायको..."

मी दार ढकललं. "कुठंय ती बया?"

आत दहा-बारा माणसं गोल करून खुर्च्यांवर बसलेली. म्हातारे नवरे, एक तरुण मुलगी, दोन बहिणी. मध्ये पांढऱ्या कोटातली नर्स. सगळे माझ्याकडे बघत होते, पण कुणाच्या नजरेत आश्चर्य नव्हतं. तेच मला जास्त लागलं.

गिल्दार्दो उठला. पांढराफटक पडला होता. "एदिल्मा..."

नर्स म्हणाली, "या, एदिल्माताई. मी मार्लेनी. बसा ना." एका म्हाताऱ्यानं सरकून शेजारची खुर्ची पुढे केली.

"मला नाही बसायचं! हे काय चाललंय?"

म्हाताराच बोलला. "आमच्या घरातल्या माणसांना बोबेरा झालाय, पोरी. नाहीतर होईल अशी भीती आहे. त्यांच्याशी कसं वागायचं ते शिकतो आम्ही इथं."

"याच्या घरात कुणाला झालाय?"

म्हाताऱ्यानं खुर्ची आणखी पुढे सरकवली. मग मला कळलं. बसले त्याच खुर्चीत.

"मला सगळं आठवतं," मी म्हटलं. "सगळं! विचारा! नऊ भावंडांचे वाढदिवस विचारा!"

"माहीत आहे," मार्लेनी म्हणाली. "काही जणांत विसरणं नंतर येतं. आधी स्वभाव बदलतो. चिडचिड होते, रडू येतं, संशय येतो, आवडीच्या गोष्टी नकोशा होतात. चिडणाऱ्या प्रत्येकाला हा आजार असतो असं अजिबात नाही. तुम्हाला आहे असंही मी म्हणत नाही, तपासण्या केल्याशिवाय सांगता येत नाही. पण तुमच्या घरात तो आहे, म्हणून यांना काळजी वाटली."

मी गिल्दार्दोकडे वळले. "चोरून? पाच महिने?"

"तुला सांगायचं धाडस नव्हतं," तो म्हणाला. मान खाली. "नोव्हेंबरात तू गायचं बंद केलंस. स्वयंपाक करताना, मशीनवर, कुठंच नाही. घरात आवाजच उरला नाही. मला वाटलं, माझ्यावर रागावली. मग तू गिऱ्हाइकांशी भांडलीस, आपल्या पोरीशी फोनवर भांडलीस. मी तर जन्माचा खडूस, मला चिडकं माणूस ओळखता येतं. तू ती नव्हेस. मग मावशी म्हणाली, तुझ्या आईचं असंच सुरू झालं होतं."

बावीस वर्षांत एवढं एका दमात बोलला नव्हता.

"आणि भांडी?"

"ती इथं शिकवतात. 'तिनं आवाज चढवला तर वाद घालू नका, आपल्या हाताला काम द्या.' मी भांडी घेतली."

सगळे हसले. मलाही हसू फुटलं, रडता रडता. परतीच्या बसमध्ये त्याच्या खांद्यावर डोकं टेकून बसले. इतकी भीती कधी वाटली नव्हती. आणि इतकं कुणी जपलंय, हेही कधी कळलं नव्हतं.

११ मे, रविवार

मातृदिन. यामिले मेदेयीनहून आली. आमची पोर, वीस वर्षांची. तिला सगळं सांगितलं. आईकडून मला आला असेल तर माझ्याकडून तिला— ते शब्द तोंडातून निघेनात. तीच म्हणाली, "मला माझं काही जाणून घ्यायचं नाही, आई. अजून तरी नाही. पण तुझ्या तपासणीला मी येणार."

आंपारोकडे जाऊन माफी मागितली. तिनं मिठी मारली. म्हणाली, "बाही खरंच लांब होती हं!"

१९ जून, गुरुवार

तपासण्यांचा निकाल आला. तोच आहे. सुरुवात आहे.

परतताना गाडीत तिघं दाटीवाटीनं बसलो होतो. मग गिल्दार्दोनं मोठ्यानं, भयंकर बेसूर गायला सुरुवात केली. यामिले ओरडली, "बाबा, बस!" मला राहवेना, सूर सांभाळायला मी गायले. घर येईपर्यंत.

काय काय मिळालं मला! मोजत बसले तर वही पुरायची नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

आज हिय्या केला. वहीत देवाचे आभार मानते, पण गिल्दार्दोला तोंडानं कधीच काही म्हटलं नाही. तो भांडी पुसत होता. जवळ जाऊन म्हटलं, "गिल्दार्दो, तू माझ्यासाठी जे केलंस ते कुणी करणार नाही. मी आजवर कधी बोलले नाही."

त्यानं फडकं खाली ठेवलं. माझे दोन्ही हात ओल्या हातांत घेतले.

"रोज हेच बोलतेस, एदिल्मा," तो म्हणाला. "रोज पहिल्यांदाच."